खारोबाचा अळणी रस्सा

कोल्हापूरला समुद्र नाही. त्यामुळे समुद्रातला राक्षस मला घरीच तयार करावा लागला.

कारण साधं होतं. मला पोहता येत नव्हतं! कोल्हापुरात जन्मून पोहता न येणं म्हणजे तिखट सोसत नाही म्हणण्यासारखं. पोरगं चालायला लागलं की त्याला पंचगंगेत टाकायचं, ही आमची रीत. (मलाही टाकलं होतं. मी घाटाची पायरी सोडली नाही.) लग्नाला आठ वर्षं झाली तरी हे गुपित मी सासरवाडीला कळू दिलं नव्हतं. आणि त्या उन्हाळ्यात माझा मेहुणा शिवा, कळंब्याचा तलाव आडवा पोहून जाणारा गडी, घरी येऊन म्हणाला, "दाजी, रत्नागिरीला जाऊया की! समदी मिळून समुद्र बघू. तुम्ही आन मी पैजंनं पवायचं!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. (त्या पाण्याला तरी पोहता येत असावं.)

मी सहा वर्षांच्या लेकीला, सुमीला, मांडीवर घेतलं. पोरगी घाबरली की रडेल, रडली की बेत रद्द!

"सुमे, समुद्रात खारोबा ऱ्हातोय! पोट रंकाळ्याएवढं. दिवसभर वाळू पांघरून झोपतोय, भरतीला उठतोय आन ओहोटीला चूळ भरतोय."

"खातोय काय?"

"गुडघ्याच्या वर पाण्यात शिरंल त्येला!"

"आन कोण न्हाईच शिरलं तर?"

"मग मटण."

"तांबडा रस्सा का पांढरा?"

"दोन्ही!" म्हणालो. राक्षस झाला तरी आमच्याकडचाच ना!

सुमी रडली नाही. ती धावत स्वयंपाकघरात माझ्या आईकडे गेली. नावाला 'ओबा' लावलं, ही माझी चूक. म्हसोबा, खंडोबा, बिरोबा म्हणत वाढलेली आई पदर सावरत बाहेर आली.

"येवढा जागृत देव, आन मला आज सांगतोस व्हय रं?"

"आई, देव न्हवं, राक्षस हाय त्यो!"

"जिभंला हाड हाय का तुझ्या? दोन्ही रश्श्यांचा निवद घेणारा राक्षस आसतोय व्हय? हात जोड आदी!"

मी हात जोडले.

बेत रद्द व्हायचा राहिला बाजूला, आता जाणं सक्तीचं झालं! पहाटेपासून मटण शिजलं. तेही बिनमिठाचं. "जल्मभर खारटच खातोय बिचारा," आई कळवळून म्हणाली, "आज तरी अळणी खाऊ दे." डबे मांडीवर धरून आम्ही सगळ्या सासरवाडीसकट एसटीनं निघालो.

किनाऱ्यावर शिवानं सदरा काढला. "आणा निवद, मी देतो."

"न्हाय!" सुमी कडाडली. "खारोबाला घरातला कर्ता माणूसच लागतोय. गळ्याएवढ्या पाण्यात! बाबांनीच सांगितलंय!"

(मी असलं काही सांगितलं नव्हतं. पण रक्त माझंच!)

"जा रं," आई म्हणाली. "निवद पोचल्याबिगर मी पाण्याचा थेंब घ्याची न्हाय."

मी एका हातात तांबडा आणि एका हातात पांढरा घेऊन शिरलो. चार पावलं टाकली असतील, तोच लाट आली. डबे गेले, टोपी गेली, पायाखालची वाळू गेली! सगळ्या सासरवाडीदेखत मी बोंबललो, "खारोबाऽऽ! वाचीव रं बाबा!"

आणि त्यानं माझी कॉलर धरली!

डोळे उघडले तर बायको. लुगड्याचा काचा मारून उभी.

"उभं ऱ्हावा आदी. पाणी गुडघ्याएवढं हाय."

मी उभा राहिलो. खरंच गुडघ्याएवढं होतं. शिवा वाळूत लोळून हसत होता.

"तुला कळलं तर," मी पुटपुटलो.

"आज? हळदीच्या आंगुळीलाच कळलंतं. तांब्यानं पाणी घेताना सुदीक डोळं मिटतासा!"

आईनं मात्र वाळूतच लोटांगण घातलं. देवानं निवद घेतला आणि लेक परत दिला! तेव्हापासून दर उन्हाळ्यात आमच्या घरी खारोबाचं अळणी मटण होतं. पुजारी मी. पानावर बसलं की बायको अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारते, "मीठ वाढू का वो?"

मी म्हणतो, "नको. त्या दिवशी पोटात गेलंय, तेच अजून पुरतंय."