काळेवाडीचा फॉर्मवाला

आमच्या चाळीखाली झेरॉक्सचं दुकान हाय. तिथला फॉर्म भरणारा लई तुसडा. मान वर न करता नुसतं "पुढं बोला" म्हणायचा. कॉम्प्युटरला कुणाला हात लावू द्यायचा न्हाई.

शिष्यवृत्ती मिळाली न्हाई, तर नात कॉलेज सोडून आईसंगं चाकणला कंपनीत जाणार व्हती. तिला घिऊन मी त्याच्याकडं गेले. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, ल्योकाच्या मरणाचा दाखला, सगळं टेबलावर मांडलं. दर हाफिसात सांगते तसं सांगाया लागले, "साहेब, माजा ल्योक वारला, सून..."

"आजी, ही मार्कांवरची शिष्यवृत्ती हाय. हितं गरिबी दाखवावी लागत न्हाई. हे पिशवीत ठेवा. मार्कलिस्ट कुठंय?"

नातीनं दिली. त्यानं ती दोनदा वाचली. मग उठून आपली खुर्ची तिच्याकडं सरकवली. "बसा मॅडम. तुमचा फॉर्म तुमीच भरा."

रांगेतला एकजण वरडला, "आमाला माऊसला हात लावू देत न्हाईस, भावा!"

"मग एवढे मार्क आण की!"

शिष्यवृत्तीचं अजून कळलं न्हाई. पर ल्योक गेल्यापासनं एका टेबलापुढं तरी मला रडावं लागलं न्हाई.