एक क कमी

शिवाजी पेठेतले हुसेनभाई ठसे कोरायचे. तालमींच्या संघांच्या फुटबॉल सामन्यांची पदकं, दुकानांचे शिक्के, आणि शिवाय हौशी लोकांसाठी शिवराईची, म्हणजे शिवकाळातल्या तांब्याच्या पैशाची, नकली नाणी. कुणी फसू नये म्हणून अशा प्रत्येक नाण्यामागे ते हातोड्यानं एक शब्द उठवायचे: नकल. तोही असा दणकून, की बायको ताजबी वैतागायची. "अवो, नाणं हाय त्ये, साप न्हवं! हळू मारा की."

त्या शब्दावरून चेष्टाही व्हायची. शेजारच्या संयोगिताबाई शाळेत मराठी शिकवायच्या. त्या एकदा म्हणाल्या, "हुसेनभाई, एक क खाल्लासा की! नकल मिळती तलाठ्याकडं, सातबाऱ्याची. ही नक्कल." हुसेनभाईंना ते फार लागलं. त्यांनी जोडाक्षराचा नवा ठसा कोरला आणि सोमवारपासून तोच वापरायचा असं ठरवलं.

सोमवारी तो ठसा बाजूलाच राहिला. राधानगरीचे विजयसिंह दारात येऊन गरजले, "पावणं, ह्यो पैसा तुमीच पाडलाय न्हवं?"

हातात शिवराई होती. जुनी दिसावी म्हणून काळवंडवलेली, मागून गुळगुळीत. एका दुकानदारानं ती अस्सल म्हणून त्यांच्या गळ्यात मारली होती. जाणकारानं खोटी ठरवल्यावर तो साळसूदपणे म्हणाला, हुसेननंच मला बिनशिक्क्याची दिलती. विजयसिंह पोलिसांकडंच निघाले होते, वाटेत फक्त या माणसाचं तोंड बघायला थांबले होते.

हुसेनभाईंनी नाणं उलटसुलट करून पाहिलं. नाणं त्यांचंच होतं, नाही कसं म्हणणार? चाळीस वर्षं ज्या हातानं नेकीनं काम केलं, तोच हात आता चोराचा ठरणार होता. मेल्या दुकानदारानं कानशीनं शब्द घासून काढला होता, आणि घासलेल्या शब्दाची साक्ष कोण देणार?

आतून ताजबी कडाडली, "तुमचा घाव चार घरं पल्याड ऐकू जातोय, त्यो नाण्याच्या वरच्या वर ऱ्हाईल व्हय? तेजाब लावा की!"

हुसेनभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. ठोकलेलं तांबं आतपर्यंत दबतं आणि तेजाब लावलं की दबलेला भाग वेगळा उठून दिसतो, हे पेठेला शिकवणारा माणूस भीतीनं तेच विसरला होता. त्यांनी कापसाच्या बोळ्यानं नाण्याच्या गुळगुळीत बाजूवर तेजाब, म्हणजे ॲसिड, फिरवलं. काहीच दिसेना. पुन्हा फिरवलं. मग धुरकट न उमटला, त्यामागून क, शेवटी ल.

विजयसिंह नाण्यावर वाकले. "नकल! खरं ह्यात एक क कमी हाय."

"व्हय," हुसेनभाईंनी जुना ठसा नाण्याशेजारी ठेवला. "म्हणूनच त्यो माझा हाय."

अक्षराला अक्षर जुळलं. हुसेनभाई मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे हसत सुटले. डोळे कधी भरले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. विजयसिंह ओशाळले. "चुकलं माझं, हुसेनभाई. आता पोलीस घिऊन त्या दुकानदाराकडंच जातो." ताजबीनं त्यांना चहा घेतल्याशिवाय उठू दिलं नाही.

पाहुणे गेल्यावर जोडाक्षराचा नवा ठसा डब्यात गेला. हुसेनभाईंनी जुना उचलला, नाण्यावर धरला, आणि बायकोकडं बघून हातोडी जरा हळूच टेकवली.

"असं काय गोंजारताय?" ताजबी म्हणाली. "हाना की जोरात!"