उघडणाऱ्यानंच बंद करायचं

एझ्रा वाक्रुळकरांनी यंदा नव्याच्या सणाला तीनशे बारा माणसांची एका टिचकीत माफी मागितली.

बेने इस्राएली घरात नव्याचा सण म्हणजे ज्यू वर्षाचा पहिला दिवस. तिथून दहा दिवस माणसानं स्वतःकडे नीट बघायचं. दहाव्या दिवशी दरफळनी: पांढरे कपडे, कडक उपास, दारं बंद आणि देवाची क्षमा. पण देव फक्त त्याच्या वाट्याचं माफ करतो. माणसाला दुखावलं असेल तर त्या माणसाच्याच दारात जावं लागतं, तेही दरफळनीच्या आत. एझ्रांचे वडील त्यासाठी रास्ता पेठेतून सायकल काढून गावभर फिरायचे. एझ्रांचा जन्म संगणकात गेलेला, त्यांनी चौतीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. फोनमधला एकेक नंबर, त्यापुढे आपोआप नाव, आणि खाली ‘जाणता अजाणता दुखावलं असल्यास क्षमा करावी.’ इस्त्रीवाल्याला गेला, दातांच्या डॉक्टरांना गेला, गॅस बुकिंगच्या नंबरालासुद्धा गेला.

“गॅसवाल्यांचं काय वाईट केलंत तुम्ही?” शेगुलाबाईंनी विचारलं. पंचवीस वर्षं शाळेत शिकवलेली बायको, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

संध्याकाळपर्यंत हात जोडल्याची चित्रं येत राहिली. एझ्रा खुशीत होते. मग सत्यशीला ओव्हाळ या नावावरून एकच शब्द आला.

‘कशाबद्दल?’

एझ्रांनी उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. चहा गार झाला. कशाबद्दल ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. बारा वर्षं ठाऊक होतं.

तेव्हा ते हिंजवडीतल्या एका कंपनीत टीमचे प्रमुख होते आणि सत्यशीला त्यांच्या हाताखाली टेस्टर. पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट छापणारं सॉफ्टवेअर होतं. टेस्टरला चूक सापडली की ती लिहून ठेवतात, त्या नोंदीला तिकीट म्हणतात. एकाच नावाचे दोन पेशंट एकाच तासात आले तर त्यांचे रिपोर्ट बदलतात, असं तिकीट सत्यशीलानं उघडलं होतं. सोमवारी माल द्यायचा होता. शुक्रवारी एझ्रांनी ते तिकीट ‘असं सहसा होत नाही’ म्हणून स्वतःच्या हातानं बंद केलं. तीन आठवड्यांत तसंच झालं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आठ दिवस दुसऱ्याच्याच रिपोर्टवरून साखर उतरवायच्या गोळ्या घेतल्या. ते वाचले, पण चौकशी लागली, आणि अहवालात एझ्रांनी लिहिलं, ‘चाचणीत निसटलं.’ दोनच शब्द. सत्यशीलाची नोकरी गेली, एझ्रांना बढती मिळाली.

दोन दिवसांनी ते स्वारगेटला गेले. एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर सत्यशीला आता टेस्टिंगचे क्लास घेते. कानापाशी केस पांढरे झाले होते. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं.

“सत्यशीला, तेव्हा जे काही झालं त्याचं मला फार वाईट वाटतं,” एझ्रा म्हणाले.

“सर, मी नवीन होते तेव्हा ‘काहीतरी बिघडलंय’ असं तिकीट लिहिलं की तुम्ही काय करायचात?”

“परत पाठवायचो.”

“का?”

“कुठे, काय केल्यावर, काय बिघडलं ते लिहिलेलं नसायचं म्हणून.”

“मग हेही परत घेऊन जा,” ती म्हणाली आणि फळ्याकडे वळली. आवाज चढवला असता तर एझ्रांना बरं वाटलं असतं.

घरी शेगुलाबाई म्हणाल्या, “आपल्यात तीनदा जायचं असतं. तीनदा मनापासून मागूनही समोरच्यानं दिली नाही, तर पुढचं तुमच्यावर राहत नाही.” हे ऐकून आमच्या एझ्रांना क्षणभर हायसं वाटलं, खोटं का सांगा! एक नकार झाला, आणखी दोन पदरात पाडून घेतले की सुटलो. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या खेपेला ते तयारीनं गेले. तारीख, तिकिटाचा नंबर, सगळं सांगितलं. सोमवारची घाई सांगितली, वरून आलेले फोन सांगितले, आईचं तेव्हाचं आजारपणही सांगितलं. सत्यशीलानं सगळं ऐकून घेतलं.

“यातलं तुम्ही काय केलंत तेवढंच ठेवा, सर.”

खाली स्वारगेटच्या गाड्यांचे हॉर्न चालू होते. मग एझ्रा हळूच म्हणाले, “तू चूक दाखवली होतीस. मी तुझं तिकीट बंद केलं. नंतर तुला ते दिसलंच नाही असं लिहिलं. मला माहीत असताना लिहिलं.”

सत्यशीलाचे डोळे भरले. तिनं ते पुसले नाहीत. “आता पूर्ण लिहिलंत,” ती म्हणाली. “पण हे मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा.”

तो अहवाल तेव्हा एकोणीस जणांना गेला होता. त्यातले दोघे आज एझ्रांच्या वरच्या खुर्च्यांवर बसतात. एझ्रांनी एकोणीसच्या एकोणीस पत्ते हुडकले, आणि या वेळी प्रोग्राम लिहिला नाही. एकेक मेल हातानं टाइप केला. ‘तिकीट मी बंद केलं, सत्यशीलाचा दोष नव्हता’ असं लिहून पाठवला. एक प्रत सत्यशीलाला गेली. तिचं उत्तर आलं: ‘आईला मेल वाचता येत नाही. पत्ता पाठवते आहे.’

दरफळनी संध्याकाळी लागायची होती, तर एझ्रा त्या दुपारी मार्केट यार्डापाशी उतरले. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं लख्ख घर. दार सत्यशीलानं उघडलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. खाली लोखंडी खुर्चीवर तिची आई, कांताबाई, मेथी निवडत बसलेल्या. यार्डात कांद्याची पोती शिवून त्यांनी ही पोरगी शिकवली होती.

“साहेब आलेत तुझे,” त्या लगबगीनं उठायला लागल्या.

“उठू नका,” एझ्रा म्हणाले आणि खुर्ची नको म्हणून समोर खाली बसले. “कांताबाई, बारा वर्षांमागं सत्यशीलाची नोकरी गेली, ती तिच्या चुकीनं नाही. चूक तिनं पकडली होती. ती मी दाबली आणि नाव तिचं पुढं केलं.”

मेथीची काडी कांताबाईंच्या बोटांत तशीच राहिली. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

“तू सांगितलं होतंस मला.”

“हो.”

“अन् मी म्हटलं, एवढा मोठा साहेब खोटं लिहील का? तुझंच ध्यान नसंल.” काडी त्यांनी मांडीवरच्या परातीत टाकली. “बारा वर्षं टोचून बोलले गं तुला. सणासुदीला बोलले, पाहुण्यांपुढं बोलले. मला माफ कर, बाई.”

एझ्रा मान खाली घालून बसले होते. आपण एक तिकीट बंद केलं एवढंच त्यांना इतकी वर्षं दिसत होतं. त्याच्या मागं या घरात काय काय चालू राहिलं, ते त्यांना आज दिसलं. सत्यशीला आईपाशी आली, तिच्या मांडीवरची परात उचलून बाजूला ठेवली आणि तिथं डोकं टेकलं.

“तुझ्या नावावर मी तिकीट कधी उघडलंच नव्हतं, आई.”

बऱ्याच वेळानं कांताबाईंना पाहुण्याची आठवण झाली. तुमचा उद्याचा उपास ना, सत्यशीला सांगत होती, मग जेवून जा, म्हणून त्यांनी भाकरी आणि मेथी वाढली. एझ्रांनी ताटात कण ठेवला नाही.

दारात चपला घालताना ते म्हणाले, “सत्यशीला, मग माझं...?”

“घाई करू नका, सर. नीट झालंय का ते तपासायला वेळ लागतो. आणि तिकीट उघडणाऱ्यानंच बंद करायचं असतं. तुमचाच नियम.”

रास्ता पेठेत शेगुलाबाई पांढरी साडी नेसून वाट बघत होत्या. “दिली का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“तीन झाले मग. तुमच्याकडून फिटलं.”

“नाही फिटलं,” एझ्रा म्हणाले. “पुढच्या वर्षीही जाईन.” त्यांनी फोन बंद करून कपाटात ठेवला आणि सिनेगॉगची वाट धरली. दुसरा सगळा दिवस त्यांनी निर्जळी काढला. दरवर्षी दुपारी डोकं दुखायचं, यंदा ते कुठं लक्षातच आलं नाही.

दरफळनीनंतरचा दिवस शिळ्या सणाचा, दारं उघडून एकमेकांकडे जायचा. शेगुलाबाईंनी दारं सताड उघडली. एझ्रांनी कपाटातून फोन काढला, चालू केला. त्या ‘कशाबद्दल?’च्या खाली आणखी दोन ओळी येऊन पडल्या होत्या.

‘तपासलं. बंद केलं.’

‘आई विचारते, उपास झेपला का?’

चोपन्न वर्षांचे एझ्रा वाक्रुळकर उघड्या दारात उभे राहून लहान मुलासारखे रडले. मग त्यांनी डोळे पुसले, पायात चपला सरकवल्या आणि शेगुलाबाईंना म्हणाले, “चल, कांताबाईंना आपण जाऊनच सांगू.”