बिरोबाला वाहिलेल्या गोळ्या

माझी मुलगी सारिका लहानपणी झोपेत एकच वाक्य बोलायची. मी जवळ जाऊन वाकले की डोळे न उघडता ती म्हणायची, "आई, मी हाय." शेजारणींना त्याचं कौतुक वाटे. पोरीला आईचा किती लळा, असं त्या म्हणत आणि मी हसून वेळ मारून नेत असे. ती असं का बोलते हे फक्त मला ठाऊक होतं, आणि ते कुणाला सांगायची माझी छाती नव्हती.

मी तिला झोपूच देत नव्हते. ती तान्ही होती तेव्हापासून, तिचा डोळा लागला की मी तिच्या छातीकडं बघत बसायची. थोडा वेळ दम धरायची, मग उठून तिच्या नाकाशी बोट न्यायची. तेवढ्यानं भागलं नाही की तिला हलवून जागी करायची. ती रडली की मला बरं वाटे. दिवस असो, रात्र असो, एसटीत असो, माझं हेच चालायचं. पुढं पुढं ती रडेनाशी झाली. आईला काय हवंय ते तिला कळलं होतं, म्हणून मी हलवायच्या आधीच ती ओ द्यायला लागली. जेवताना, खेळताना ती आधी माझ्या तोंडाकडं बघायची आणि मग हसायचं की नाही ते ठरवायची. एवढंसं पोर मला सांभाळत होतं, आणि मी मात्र आई म्हणून मिरवत होते.

याचं मूळ माझ्या लहानपणात आहे. माझं माहेर इंदापूरकडचं. आम्ही धनगर, दिवाळी झाली की वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि आम्ही सगळेच त्यांच्या मागं. मी सात वर्षांची असेन. आई पुढं घोड्यापाशी असायची, म्हणून धाकट्या भावाला, बाळूला, मी कडेवर घेऊन चालायची. त्या दिवशी त्याला ताप होता. दुपारी तो गप झाला, त्यानं मान माझ्या खांद्यावर टाकली. तो निजला म्हणून मला आनंद झाला. कुणी मोठ्यानं बोललं तर मी तोंडावर बोट ठेवून दटावायची. दिवस कलल्यावर आजीनं त्याला माझ्या कडेवरून घेतलं, त्याच्याकडं पाहिलं आणि ती मटकन खाली बसली. एका झाडाखाली त्याला पुरलं. मेंढरांना पाण्याची वेळ झाली होती, म्हणून आम्ही निघालो. मला कुणी रागावलं नाही, जवळही घेतलं नाही. बाळूचं नाव आमच्यात पुन्हा निघालं नाही. मी रिकाम्या कडेवर हात ठेवून चालत राहिले.

लग्नानंतर मी सोमेश्वरनगरला आले. आमचे हे साखर कारखान्यात फिटर. सीझन लागला की त्यांच्या पाळ्या सुरू व्हायच्या, मग घरात मी आणि सारिका दोघीच. माझी झोप गेली, तव्यावर भाकरी जळायची तरी मी उभीच. शेवटी ह्यांनी मोटरसायकलवर घालून मला बारामतीला नेलं. तिथं आठवड्यातून एकदा पुण्याहून मनाच्या आजाराचे डॉक्टर येत. त्यांनी गोळ्या दिल्या. मी त्या डाळीच्या डब्यात लपवून ठेवायची. त्या काळी असल्या गोळ्यांना लोक वेडाच्या गोळ्या म्हणत. पण दोन महिन्यांत मला झोप लागू लागली. पोरीला उठवणं थांबलं नाही तरी कमी झालं. डॉक्टरांनी लहानपणाबद्दल विचारलं होतं. मी म्हटलं, चांगलं गेलं.

मग मी एक शहाणपणा केला. आमच्या चाळीतल्या बायका नवसापायी काही ना काही सोडायच्या. कुणी चहा सोडला होता, कुणी वर्षभर अनवाणी चालत होती. मला वाटलं, आपली भक्तीच कमी पडते. खरा विश्वास असता तर गोळीची गरज कशाला लागली असती? आणि चहा सोडून काय होणार? देवाला जिवापाड जपलेलं द्यावं. माझ्यापाशी त्या गोळ्यांहून मोलाचं काही नव्हतं. एका रविवारी मी माळावरच्या बिरोबाला गेले, नारळ ठेवला आणि पदरातलं गोळ्यांचं पाकीट कोनाड्यात भंडाऱ्याच्या ढिगाशी ठेवलं. म्हटलं, देवा, ह्या आजपासून तुझ्या, माझी पोर सुखानं निजू दे. जशी काही देवालाच झोप येत नव्हती.

पंधरा दिवसांत मी पहिल्यापेक्षा वाईट झाले. ह्यांनी विचारलं, "गोळ्या घेतीस न्हवं?" मी व्हय म्हटलं. देवाच्या नावानं खोटं बोलायला लागले होते. सारिकाला तासातासाला उठवत होते. तिचे डोळे खोल गेले. एक दिवस शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, सारिका वर्गात बसल्या बसल्या झोपते. मी नुसतं नाव घेतलं तर दचकून उठली आणि म्हणाली, मी जिवंत हाय. असं का म्हणते हो ती?"

"मी हाय" या दोन शब्दांचा अर्थ माझ्या लेकरानं स्वतःच लावला होता. मी तिथंच बाकड्यावर बसले आणि सगळ्या पोरांदेखत रडले.

शाळेतून तिचा हात धरून मी तडक माळावर गेले. गोळ्या परत घ्याव्यात तर नवस मोडतो, आणि देव रागावला तर पोरीवर. न घ्याव्यात तर मीच पोरीचा जीव घेणार. एवढं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. पुजारी शेतावर गेले होते. देवळाबाहेर मेंढरं बसली होती, कोकणाच्या वाटेवरची असावीत. आत एक म्हातारी, त्या मेंढक्यांतलीच, खांबाला टेकून चातीवर लोकर कातत बसली होती. सारिका तिच्याशेजारी जाऊन बसली आणि बघता बघता झोपली. माझा हात पुढं गेला. म्हातारीनं तो मनगटापाशी धरला.

"निजू दे की."

का कोण जाणे, मी तिला सगळं सांगितलं. नवऱ्याला, डॉक्टरला, कुणालाच न सांगितलेलं. बाळूचं, माझ्या कडेचं, गोळ्यांचं. तिच्या हातातली चाती फिरत राहिली. मग ती म्हणाली, "लेकरा, त्या वाटंला आमचीबी लेकरं हायती. कुनाचं झोळीत गेलं, कुनाचं भुईवर. तुझा भाऊ भनीच्या कडंवर गेला. त्याला भुई लागली न्हाय. त्यात तुझी चूक कुठं हाय?"

हे मला कुणीतरी तीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

मग ती उठली, कोनाड्यात हात घातला. पाकीट तिथंच होतं, भंडाऱ्यानं पिवळं झालेलं. तिनं ते माझ्या पदरात टाकलं. मी मागं सरले. म्हटलं, वाहिलेलं परत कसं घेऊ? ती म्हणाली, "नारळ वाहिल्यावर निम्मा परत देत्यात का न्हाय? ह्यो परसाद हाय. परसादाला न्हाय म्हनू नगं. आनि डाक्टरला इचारल्याबिगर सोडूबी नगं."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा माळावर गेले, तिच्यासाठी भाकरी घेऊन. मेंढरं पुढं गेली होती. पुजाऱ्यांना विचारलं तर त्यांनी अशी म्हातारी पाहिली नव्हती. पाहिली नसेलही, ते शेतावर होते. ती कोण होती, याचा मी खल करत नाही. मला जे हवं होतं ते माझ्याच माणसांच्या बोलीत मला मिळालं.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. मनानं गोळ्या बंद केल्या म्हणून ते रागावले, कमी डोसापासून पुन्हा सुरू केल्या, आणि बाळूची गोष्ट त्यांनी खाली मान घालून ऐकली. सारिकाला जवळ बसवून मीच सांगितलं, की आई आजारी होती, तुझं काही चुकलं नव्हतं. तिनं विचारलं, "मग आता मी निजू?" त्या प्रश्नानं मी आजही हलते.

ते रिकामं पाकीट माझ्या देव्हाऱ्यात आहे. देवावर भार टाकायचा म्हणजे औषध टाकून द्यायचं नसतं, त्यानं पुढं केलेला हात धरायचा असतो, मग तो हात म्हातारीचा असो की डॉक्टरचा. एवढं कळायला मला पोरीची झोप खर्ची घालावी लागली, त्याची लाज मला आहे.

वर्षभरानंतरची एक दुपार. सारिका दप्तर टाकून चटईवर आडवी झाली होती. मी सवयीनं तिच्यावर वाकले आणि थांबले. तिच्या ओठांकडं बघत राहिले. तिनं कूस बदलली, पाठ माझ्याकडं केली, आणि झोपून राहिली. तिनं ओ दिली नाही. मी देवाला हात जोडले आणि पाय न वाजवता बाहेर आले.