परतीच्या टेबलावरची पहिली

माझी थोरली चुलतबहीण टपाल कार्यालयात परतीच्या टेबलावर बसते. सव्वीस वर्षं झाली. ज्या पत्राला माणूस सापडत नाही ते फिरून फिरून तिच्यापुढे येतं, आणि ती त्यावर कारणाचा शिक्का मारून ज्याचं त्याला परत धाडते. शिक्के पाच. घर बंद. पत्ता अपुरा. घेण्यास नकार. या नावाचे कोणी राहत नाही. पाचवा, मयत. लाकडी मुठींना तिने खुणेचे रंगीत दोरे गुंडाळलेत, पण दोऱ्यांकडे तिला बघावं लागत नाही. मालकाचा डोळा लागला तरी जुना बैल गाडी घरी आणतो, तसा तिचा हात नेमक्या मुठीवर जातो. कार्यालयात सगळे तिला परतताई म्हणतात. तिला त्याचं काही वाटत नाही.

शाळेत तिला ‘पहिली’ म्हणायचे. मुलींची शाळा, वर्गात चाळीस जणी, आणि पाचवीपासून शेवटच्या इयत्तेपर्यंत पहिला नंबर हिचाच. ही मोठी डॉक्टर होणार हे बाईंनी, घरच्यांनी, अगदी शेजारच्या शिंप्यानेसुद्धा ठरवून टाकलं होतं. मग माझ्या काकांनी अंथरूण धरलं. हाताला लागली ती नोकरी ताईने केली. लग्न झालं. ठरवलेलं ठरवलेल्या जागीच राहिलं.

त्या शाळेची दरवर्षी एक पुस्तिका निघते. जुन्या मुलींनी आपली खुशाली चार ओळींत कळवायची, शाळा ती वर्गवार छापते. ताईच्या वर्गाच्या खुशाल्या गोळा करायचं काम घंटीकडे. मधल्या सुट्टीची घंटा तीच वाजवायची, आणि आवाजही तिचा तसाच. घंटी दरवर्षी सगळ्यांना पाकिटं पाठवते. ताईचं पाकीट माहेरच्या नावाने, माहेरच्या पत्त्यावर जायचं. ते घर विकून जमाना झाला. त्यामुळे पाकीट फिरत फिरत यायचं ते बरोबर ताईच्याच टेबलावर.

पहिल्यांदा आलं तेव्हा तिने ते हातात धरून ठेवलं. चार ओळी काय लिहाव्यात याचा विचार केला. एकही सुचली नाही. मग तिने चौथा शिक्का उचलला. या नावाचे कोणी राहत नाही. त्यात खोटं काही नव्हतं. पुढची एकोणीस वर्षं तेच चाललं.

गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा वारला. बेकरीत भट्टीवर होता. त्याच्या शर्टाचा वास कितीही धुतला तरी जायचा नाही. नऊ आठवडे दवाखान्यात काढले आणि गेला. आठव्या दिवशी ताई कामावर हजर झाली. त्याच्या नावाची पत्रं अजून येत होती. विम्याची, चष्म्याच्या दुकानाची. पोस्टमन भला माणूस. तो ती घरात न टाकता मुकाट्याने तिच्या टेबलावर आणून ठेवी. ताई शिक्का मारी. मयत, तारीख, खाली आपली सही. रडली नाही. बाकीच्यांना तेच जड जायचं. ती डबा खायची, घड्याळ बघायची आणि घरी जायची.

एके दिवशी नवऱ्याची तीन पत्रं होती आणि त्यांच्याखाली शाळेचं पाकीट. तिन्हींवर मयतचा शिक्का बसला आणि त्याच ओघात शाळेच्या पाकिटावरही बसला. तिने पाहिलं. शाई वाळू दिली, खाली सही केली आणि गठ्ठा बांधला.

महिन्याभराने, रविवारी दुपारी, दार वाजलं. दारात एक जाडजूड बाई, हातात पांढरी फुलं, जिने चढून धाप लागलेली.

“पहिलीचं घर हेच ना? मी तिच्या वर्गातली. घंटी म्हणायचे मला.”

“या,” ताई म्हणाली.

“त्या जुन्या घराशेजारच्या शिंप्याने पत्ता दिला. म्हणाला, हो बाई, त्यांच्याकडे हिवाळ्यात मयत झाली. तशीच निघाले.” घंटी खुर्चीत बसली. अडतीस वर्षांपूर्वीच्या जाड वेण्या आणि समोरचे पांढरे विरळ केस यांचा मेळ तिला लागला नाही. “तुम्ही तिच्या नणंदबाई का?”

“पाणी आणते,” ताई म्हणाली.

ती पाणी घेऊन आली. घंटीने गळ्याशी पदर फिरवून घाम टिपला.

“किती दिवस आजारी होती हो?”

“नऊ आठवडे.” ताईने नवऱ्याचं सांगितलं. सांगण्यासारखं तेवढंच होतं तिच्याजवळ.

“फार त्रास झाला?”

“शेवटी नाही झाला.”

“काही बोलली?”

“खिडकी उघड. एवढंच.”

घंटीने नाक पुसलं आणि पिशवीतून वही काढली. “बावीस जणींनी तिच्याबद्दल लिहून पाठवलंय. जिवंतपणी चार ओळी मागा, तर या बयांना वेळ नसतो. मेल्यावर बघा, पानंच्या पानं! ऐका ही. ‘माझी भूमिती तिने लिहून दिली. पकडलं तेव्हा उभी राहून म्हणाली, बाई, मीच हिची बघून लिहिली. बाईंनी दोघींना हाकललं आणि आम्ही व्हरांड्यात बोरं खाल्ली.’ खरंच हो, अशीच होती. भारी हुशार, पण तोरा नाही.”

ताई ऐकत होती. गाडीत शेजारचे दोघं तिसऱ्याच कुणाबद्दल बोलत असतात, तसं. बोरांची चव तिला आठवेना.

“आता एक काम करा माझं,” घंटीने तिच्या हातात पेन दिलं. “शाळेच्या दाराशी फळा आहे, गेलेल्या मुलींच्या नावांचा. उद्या सकाळी रंगारी येतोय. एकदा रंगवलेलं नाव पुन्हा खोडत नाहीत, मोठ्या बाईंचा दंडक आहे. तिचं सासरचं पूर्ण नाव नीट लिहून द्या. माहेरचं हे बघा, पाकिटावर आहे.”

तिने पाकीट पुढे केलं. ताईने पेन उघडलं. लिहिलं असतं तर उद्या तिचं नाव रंगून फळ्यावर गेलं असतं, आणि तिला त्याचंही काही वाटलं नसतं, असं ती मला पुढे म्हणाली. कागद जवळ ओढताना पाकीट उलटं झालं. मागची बाजू कोरी होती. ताई थांबली.

“हा शिक्का चुकीचा आहे,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“मयत मारला की कोणी सांगितलं ते मागे लिहावं लागतं. मुलगा, शेजारी, कोणीतरी. इथे लिहिलेलं नाही. असं पाकीट टेबलावरून सुटायलाच नको होतं.”

“अहो, मग हे विचारायचं कोणाला?”

“मला. सही माझी आहे.”

घंटीने सहीकडे बघितलं, मग ताईच्या तोंडाकडे. चष्म्यामागचे डोळे तिने निरखले. खुर्ची करकरली.

“पहिले?”

“हं.”

“अगं भवाने!” आवाज खालच्या घड्याळवाल्याच्या दुकानापर्यंत गेला असणार. “बावीस जणी रडल्या! मी तीन जिने चढले, गुडघ्यांची वाट लागली! आणि तू मला बसवून पाणी पाजतेस? वर तुझ्या मरणाचं सगळं मलाच सांगतेस? नऊ आठवडे म्हणे!”

“ते नवऱ्याचं होतं,” ताई म्हणाली. “दुखवट्याला आलीस ते बरोबरच आहे. माणूस तेवढा चुकलाय.”

खोलीत बघायला घंटीला तेव्हा कुठे सुचलं. खुंटीला पांढरा शर्ट होता, कपाटावर चष्म्याचं घर, पलंगावर एकच उशी. तिने वही मिटली.

“कोणी आलं होतं का गं भेटायला?”

“ऑफिसातले आले होते. चहा घेऊन गेले.”

घंटीने उठून फुलं चष्म्याच्या घराजवळ ठेवली, खुर्ची ताईच्या खुर्चीला लावली आणि बसून राहिली. खिडकी उघडी होती. हिवाळ्यापासून ती ताईने लावली नव्हती.

जाताना घंटी म्हणाली, “रंगाऱ्याला मी परत पाठवते. पण आता चार ओळी दे. नाही दिल्यास तर फळ्यावर मीच लिहीन तुझं नाव, खडूने.”

ताईने पाकीट पुढ्यात घेतलं. चुकीचा शिक्का दुरुस्त करायची रीत असते: दोन तिरक्या रेघा, तारीख, सही. तिने मयतवर दोन रेघा मारल्या. तारीख घातली, सही केली. पाकीट उलटून मागच्या कोऱ्या जागेवर, कोणी सांगितलं तिथे, लिहिलं: स्वतः.

“एवढंच?” घंटी म्हणाली.

“आज एवढंच,” ताई म्हणाली.

घंटीने ते एक शब्दाचं पाकीट दोनदा वाचलं आणि पिशवीतल्या पुस्तिकेच्या कागदांत, ताईच्या रिकाम्या पानावर ठेवलं.