गाण्यातली शिट्टी

रविवार सकाळ. मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात हजर: मी, माझी मुलगी सई आणि छतातल्या स्पीकरवर आमच्या कॉलेजच्या दिवसांतला एक चिडका रॉक बँड.

तेव्हा जे ऐकून घरचे कानावर हात ठेवायचे, त्याच गाण्यावर आता शर्ट खपतात. खपू देत. मी मात्र शर्ट हातात धरून थांबले.

"आई, काय झालं?"

"कुकरची शिट्टी व्हायची आहे."

"गाण्यात?"

माझ्या कॅसेटमध्ये होते. वर्गमित्र सुधीरने ती माझ्यासाठी भरली होती, दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून, स्वयंपाकघराचं दार न लावता. गिटार थांबते तिथे शिट्टी, आणि मग त्याची आई: "सुध्या, त्या बोंबल्यांना गप्प कर आणि जेवायला ये!"

जगभर वाजणारं गाणं माझं झालं ते त्या स्वयंपाकघरातून आलं म्हणून. काकू आता नाहीत. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. परवा सुधीरने विचारलं, "ती कॅसेट आहे ना गं?"

आहे. फीत चिकटली आहे, पण ती मी सोडवणार आणि काकूंचा आवाज त्याला पाठवणार. शर्ट घेऊन झाले, भाजीही झाली. चालणारा टेपरेकॉर्डर तेवढा मिळवायचा राहिला आहे.