दोरीवाल्यांचा उजवा पाय

दोरीवाल्यांनी उभी हयात खाणीत तारेच्या दोरावरचं खोदयंत्र चालवलं. बादली वर धरून ठेवायची तर पायाखालचा ब्रेक दाबून बसायचं. पाय ढिला पडला की बादली धाडकन खाली. त्यामुळे गृहस्थांचा उजवा पाय झोपेतही काहीतरी दाबतच असे. बायकोने कधीच बाजू बदलून घेतली होती.

मधल्या काळात तेलाच्या दाबावर हलणारी यंत्रं आली. आधी लांब दांड्यांची, मग खुर्चीच्या हातांवर मुठीएवढ्या दांड्या असलेली. दांडी सोडली की बादली अधांतरी थांबते म्हणे. "मग माणूस कशाला बसवता? उशी ठेवा," असं दोरीवाले चारचौघांत बोलून बसले. आता दोराचं यंत्र भंगारात निघालं आणि उशीच्या जागी बसायची वेळ यांच्यावरच आली. नाही जमलं तर घरी बसायचं.

त्यात पारख करणारा मुकादम म्हणजे सख्खा जावई.

सरावालाच घोटाळा झाला. बादली जरा डुलली, पायाने सवयीने ब्रेक शोधला आणि दाबलं ते यंत्र पुढे नेणारं पेडल. यंत्र थेट खड्ड्याच्या काठावर.

"मामा, तो ब्रेक नाही," जावई धापा टाकत म्हणाला.

"माहीत आहे."

"मग दाबलात कशाला?"

"मी कुठे दाबला? पायाने दाबला."

दुसऱ्या दिवशी वस्तीला पाणी नेणाऱ्या, जमिनीत पुरलेल्या नळाला खेटून चर खणून दाखवायचा होता. रात्री जेवताना दोरीवाल्यांचा उजवा पाय टेबलाखालची पट्टी दाबून बसला होता.

"अहो, पाय काढा. टेबल कुठे पळून चाललं नाहीये," बायको म्हणाली.

"नळ फुटला तर?"

"तर जावई नापास करील."

"आणि नाही फुटला, तर लोक म्हणतील सासऱ्याला वशिल्याने बसवलं."

"म्हणू देत. आपली पोरगी आहे त्यांना ऐकवायला."

सकाळी दोरीवाले यंत्रात चढले, बूट काढले आणि खुर्चीवर चक्क मांडी ठोकून बसले.

"मामा, जेवायला बसलात का?"

"तू नळाकडे बघ."

बादली खाली गेली. नळाशेजारी माती सुटली तशी मांडीखाली उजवा पाय वळवळू लागला. त्याच्यावर डावा दाबून धरून दोरीवाल्यांनी दांड्या सोडल्या. बादली नळावर लटकत राहिली. आता पडेल, मग पडेल. पडली नाही. कपाळावरचा घाम पुसून त्यांनी पुन्हा दांड्या धरल्या. चर पुरा होईपर्यंत असं किती वेळा थांबले, ते जावयाने मोजायचं सोडून दिलं. यंत्र मागे घ्यायची वेळ आली तेव्हाही पाय खाली आले नाहीत. पेडलांना जोडलेले उभे दांडे त्यांनी वाकून हाताने ओढले.

नळ शाबूत होता. जावई खाली येऊन उभा राहिला. "उद्यापासून या, मामा. पण आठवडाभरात पाय खाली दिसले पाहिजेत. आता उतरा."

दोरीवाले हलले नाहीत.

"उतरा ना."

"तू हो पुढे. मी जरा काचा पुसून येतो."

दोन्ही पाय पार बधिर झाले होते, आणि हे जावयाला सांगण्यापेक्षा सगळं यंत्र पुसून काढलेलं बरं.